पातळ कापायचं नाही

एल्सीकाकू, तुमच्या फ्रिजमध्ये अजून बरंच हॅम शिल्लक आहे आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नाही. तुमचा मुलगा कीथ न्यायचं विसरला की मुद्दाम ठेवून गेला, तेही कळलं नाही. टाकून द्यावं तर अन्न टाकलेलं तुम्हाला कधी खपलं नाही. खावं तर मी जन्मात अंडंसुद्धा फोडलेलं नाही. तुमच्या घराची किल्ली माझ्याकडेच आहे, त्यामुळे मी कालपासून मधूनमधून जाते, फ्रिजचं दार उघडून बघते आणि परत लावून घरी येते.

हे तुम्हाला मराठीत लिहिते आहे. तुम्ही असतात तरी तुम्हाला वाचता आलं नसतं, हे मला माहीत आहे. पण इंग्रजीत लिहायला बसले की तुम्ही मधे बोलायला लागता. तुमच्यापुढे माझं एकही वाक्य कधी पुरं झालं नाही. आज मला माझं बोलणं पुरं करायचं आहे, म्हणून मराठीत.

मी मूळची सोलापूरची. लग्न होऊन पुण्याला आले आणि वर्षभरात गिरीशच्या नोकरीमागे मँचेस्टरला. पहिल्याच आठवड्यात मी तुमच्याकडे शिडी मागायला आले आणि पुढचं दार उघडं टाकून आत उभी राहिले. तुम्ही विचारलंत, "वेअर यू बॉर्न इन अ बार्न?" गोठ्यात जन्मलीस का, दार लावायची सवय नाही? मी सरळ उत्तर दिलं की नाही, सोलापूरला, आत्याच्या नर्सिंग होममध्ये. तुम्ही आधी माझ्याकडे बघत राहिलात आणि मग इतक्या हसलात की तुम्हाला खुर्चीत बसावं लागलं. मला भयंकर राग आला होता. शिडी घेऊन घरी आले आणि गिरीशला म्हटलं, शेजारीण आगाऊ आहे.

'नुसतं एल्सी म्हण' असं तुम्ही किती वेळा सांगितलंत. आमच्यात आईच्या वयाच्या बाईला नावाने हाक मारली तर जीभ अडखळते. म्हणून मीच एल्सीकाकू करून टाकलं. काकू म्हणजे काय, असं विचारलंत तेव्हा मी सांगितलं की काकाची बायको, शिवाय शेजारची कुठलीही बाई. तुम्ही म्हणालात, "म्हणजे शेवटी कोणाची तरी बायकोच ना." आणि तरी त्यानंतर कार्डावर सही करताना 'एल्सी काकू' असंच लिहायला लागलात.

माझी सानिका नऊ महिन्यांची झाली आणि मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला लागले. पाळणाघरात तिने रडून आकांत मांडला, तेव्हा तुम्ही कुंपणापाशी येऊन एवढंच म्हणालात की इकडे दे तिला. ती शाळेत जायला लागेपर्यंत, आणि मग शाळा सुटल्यावरही, ती तुमच्याकडेच असायची. तुम्ही तिला चालायला शिकवलंत, मटार सोलायला शिकवलंत, आणि बोलायला तर असं शिकवलंत की तिच्या शाळेतल्या बाईंनी मला एकदा विचारलं, घरी हिची पणजी असते का?

कारण तुमच्याकडे प्रत्येक वेळेला एक बोल तयार असायचा. आभाळ भरून आलं की "इट्स ब्लॅक ओव्हर बिल्स मदर्स", बिलच्या आईच्या घरावर काळं झालंय. जेवायला काय आहे असं विचारलं की "थ्री जम्प्स अ‍ॅट द पॅन्ट्री डोअर", म्हणजे फडताळाच्या दारावर तीन उड्या मारा आणि गप्प बसा. कशाचं नवल वाटलं की "आय'ल गो टु द फूट ऑफ अवर स्टेअर्स", मी आता आमच्या जिन्याच्या पायथ्याशी जाते. आणि गिरीश काही न करता स्वयंपाकघराच्या दारात उभा दिसला की "स्टुड देअर लाइक चीझ अ‍ॅट फोरपेन्स", चार पेन्सच्या चीझसारखा, महाग म्हणून कोणी न उचललेला. हे शेवटचं तुम्ही त्याच्या तोंडावर म्हणायचात आणि तो बिचारा थँक यू म्हणायचा.

मी लॅबमधली बाई. बाटलीवर लेबल नसेल तर मी ती हातात घेत नाही. मी विचारायची, "बिल कोण? त्याची आई कुठल्या बाजूला राहते?"

"कोण जाणे, लव्ह. आमची नॅन म्हणायची." नॅन म्हणजे आजी.

"पण अर्थ काय त्याचा?"

"अर्थ कशाला हवा? ते म्हणायचं असतं."

या एका गोष्टीवरून आपण वर्षानुवर्षं भांडलो. माझं म्हणणं, ज्याचा अर्थ आपल्याला ठाऊक नाही ते लेकराला शिकवू नये. तुमचं म्हणणं, अर्थ ठाऊक असलेल्याच गोष्टी शिकवायच्या तर पोर मुकी राहील. एकदा तुम्ही मला पेचात पकडलंत. जेवायला बसताना तुझा नवरा ताटाभोवती पाणी फिरवतो ते कशासाठी, असं विचारलंत. मी काहीतरी मुंग्यांचं, जमिनीवर बसून जेवण्याचं शास्त्र सांगितलं. तुम्ही डोळे बारीक करून म्हणालात, "हे तू आत्ता रचलंस." खरंच रचलं होतं.

माझ्याकडून तुम्ही एकच बोल उचललात, 'अगं बाई'. तो मात्र तुम्ही अर्थ न विचारता उचललात आणि कधी चुकीच्या जागी वापरला नाहीत. चेकआउटवर बिल बघून, टीव्हीवर बातम्या बघताना, सानिकाने नवा पडदा कापला तेव्हा. सुपरमार्केटमध्ये तुमच्या तोंडून तो ऐकून पुढच्या रांगेतली एक मराठी बाई गर्रकन वळली होती, आठवतं? तिला काय वाटलं असेल ते मला अजून समजत नाही.

आता हॅमचं.

समोरच्या घरातली मार्गारेट, तुमची शाळेपासूनची मैत्रीण, जिच्याशी तुमचा आठवड्यातून एकदा तरी अबोला असायचा. तिच्या नवऱ्याच्या फ्युनरलहून तुम्ही थेट माझ्या स्वयंपाकघरात आलात, काळे बूट पायाने उडवलेत आणि म्हणालात, "क्रिस्प्स! माणूस गेला आणि वाडग्यात घालून क्रिस्प्स!" क्रिस्प्स म्हणजे बटाट्याचे वेफर्स. मी चहा ठेवला. मग तुम्ही मला समजावून सांगितलंत की तुमच्या घराण्यात माणसं 'बरिड विथ हॅम' असतात. माणसाला निरोप देऊन आलेल्यांना घरी शिजवलेलं, हाडावरचं हॅम द्यायचं, जाड कापून. बरोबर लोणी लावलेला पाव, मुरवलेले कांदे आणि मागाल तेवढा चहा. दारात आलेला कोणी उपाशी परत जाता कामा नये. मग लोक त्या गेलेल्या माणसाबद्दल म्हणतात, त्याला हॅम घालून पुरलं, म्हणजे घरच्यांनी त्याचं नीट केलं. तुमच्या नॅनचं तसं झालं, आईचं झालं. घरात काही नव्हतं त्या दिवसांतसुद्धा झालं. दुकानातल्या पाकिटातल्या हॅमबद्दल तुमचं मत असं की त्यातून पलीकडचा पेपर वाचता येतो.

मग चहाचा घोट घेऊन तुम्ही म्हणालात, "यू'ल सी मी बरिड विथ हॅम, वोन्ट यू, लव्ह?" मला हॅम घालून पुरशील ना?

मी कणीक मळत होते. मी म्हटलं, हो, ऑफ कोर्स. या देशात 'यू ऑल राइट?'ला जसं 'येस' म्हणतात तसं म्हटलं. तुम्ही दिवसातून चारदा जिन्याच्या पायथ्याशी जाईन म्हणायचात आणि कधी गेला नाहीत. त्यातलंच हे एक, असं मला वाटलं. शिवाय तुम्हाला पुरणार तरी कुठे होते? क्रिमेटोरियमचं तुम्ही आधीच ठरवून ठेवलं होतंत.

शेवटी हॉस्पिटलच्या वॉर्डमध्ये मी आले त्या दुपारी तुम्ही गुंगीत होतात. मी सानिकाचं चित्र दाखवलं, हवेबद्दल बोलले, मार्गारेट येऊन गेली का असं विचारलं. तुम्ही हुं हुं करत होतात. भेटायची वेळ संपली म्हणून मी उठले, तेव्हा तुम्ही माझी बाही धरलीत आणि अगदी स्वच्छ आवाजात म्हणालात, "अँड नॉट द थिन स्टफ." आणि ते पातळवालं नको.

मला वाटलं ब्लँकेट. मी नर्सला सांगून तुमच्यासाठी जाड ब्लँकेट मागवलं. तिने ते पांघरलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि डोळे मिटलेत. हसलात की वैतागलात, हे मी तेव्हापासून ठरवायचा प्रयत्न करते आहे.

कीथचा फोन आला तेव्हा मी पोळ्या करत होते. फोन ठेवला, तव्यावरची पोळी उलटली आणि तेव्हा मला ते ब्लँकेटचं नव्हे, हॅमचं होतं हे कळलं. पोळी जळली. मी गॅस बंद करून तिथेच फरशीवर बसले आणि रडले. का रडले, तुम्ही गेलात म्हणून की मी ब्लँकेट मागवलं म्हणून, ते सांगता येणार नाही.

कीथ मेडनहेडहून आला त्या संध्याकाळी मी पिठलं-भात घेऊन गेले. आमच्याकडे माणूस गेलेल्या घरी चूल पेटत नाही, शेजारचे जेवण आणून देतात. त्याने डबा उघडून बघितला, हे गरम करायचं का असं विचारलं आणि ओट्यापाशी उभ्याउभ्या सगळं खाल्लं. बरा वाटला मला. तुमच्या तोंडून ऐकलेला कीथ म्हणजे वर्षातून दोनदा येणारा आणि मोबाईल कानाला लावून बागेत फिरणारा. प्रत्यक्षातला दमलेला होता आणि त्याच्या सॉक्सला भोक होतं. मी विचारलं, परवाच्या जेवणाचं काय ठरवलंय? तो म्हणाला, जेवण असं काही नाही, क्रिमेटोरियमच्या बाजूला एक हॉल आहे, तिथे चहा-बिस्किटं, मग ज्याने त्याने आपापल्या घरी जायचं. मी हॅमचं सांगितलं. तो हसला, तुमच्यासारखंच, खांदे हलवून.

"मेधा, इट्स ओन्ली अ‍ॅन एक्स्प्रेशन. मम दर ख्रिसमसला म्हणायची. ती कायकाय म्हणायची, तुला माहीत आहे."

आता सांगा, मी काय करायचं? इतकी वर्षं तुम्ही मला बजावत होतात की अर्थ शोधू नकोस, हे नुसतं म्हणायचं असतं. तुमचा सख्खा मुलगाही तेच सांगत होता. मी एकटी अर्थ लावत बसले होते, आणि तोही असा की मला डुकराचं मांस शिजवावं लागणार होतं. बरं, मी कोण? शेजारची. माझा देश हा नाही, धर्म हा नाही आणि ते अन्न तर नाहीच नाही. गिरीश म्हणाला, "त्यांच्या घरातली गोष्ट आहे. उगाच मधे पडू नकोस." त्याचं बरोबर होतं. रात्रभर त्याचं बरोबर होतं आणि सकाळी उठल्यावर नव्हतं.

मी फोनकार्ड खरवडून सोलापूरला आईला फोन लावला. वाटलं, ती किंचाळेल आणि माझी सुटका होईल. तिने सगळं ऐकून घेतलं.

"जाणाऱ्या माणसाने मागितलं आणि तू हो म्हणालीस?"

"हो, पण मी सहज म्हणाले गं."

"मग मला काय विचारतेस? कर. हात धुता येतात." आणि मग घाईघाईने, "पण तुझ्या घरात नको शिजवूस."

म्हणून तुमच्या घरात. कीथने किल्ली दिली. म्हणाला, तुला बरं वाटणार असेल तर कर. मला बरं वाटणार होतं की नाही, हे मला तरी कुठे माहीत होतं?

शॉपिंग सेंटरमधल्या खाटकाच्या दुकानावरून मी इतकी वर्षं श्वास रोखून जात होते. त्या दिवशी आत गेले. काय हवं, किती, कुठला भाग, मला एकाचंही उत्तर येईना. मी म्हटलं, एल्सीसाठी. त्याने टोपी काढली आणि आतून एक मोठं धूड आणलं. कसं करायचं ते मला त्याने दोनदा सांगितलं आणि मी लॅबच्या सवयीने दोनदा म्हणून दाखवलं. भिजत घालायचं, पाणी बदलायचं, मंद उकळायचं, त्याच्याच पाण्यात निवू द्यायचं, मग साल सोलायची, लवंगा टोचायच्या. लवंगा म्हटल्यावर मला थोडा धीर आला. निदान एक वस्तू ओळखीची निघाली.

तुमचं ते मोठं पातेलं माळ्यावरून काढलं. पिवळे रबरी हातमोजे घातले, नाकाला ओढणी बांधली, खिडक्या सताड उघडल्या. गिरीश दारात येऊन उभा राहिला आणि मला बघून म्हणाला, दरोडा घालायला निघालीस का? मी त्याला हाकललं. मीठ बरोबर आहे का ते कसं कळणार, या प्रश्नाने मात्र मी अडले. मग आठवलं की नैवेद्याच्या स्वयंपाकाचीही आपण चव घेत नाही. माझी आजी तर नैवेद्याच्या आमटीचं मीठ नुसत्या वासावरून ओळखायची. मी ओढणी खाली केली आणि वास घेतला. तो वाईट नव्हता. हे तुम्हालाच सांगते आहे, गिरीशला सांगितलेलं नाही.

साल सोलताना मी तुमच्याशी मोठ्याने भांडत होते. ही काय मागायची वस्तू झाली? शिरा मागितला असतात, पुरण मागितलं असतंत, आख्ख्या मँचेस्टरला वाढलं असतं. कापताना सुरी पुढे सरकेना. पहिले काप पातळ आले, ते बाजूला ठेवले. मग भाकरीएवढे जाड कापले.

क्रिमेटोरियममध्ये मी पहिल्यांदाच पाऊल ठेवलं. आमच्याकडे बायका स्मशानात जात नसत. पांढरं नेसावं की काळं, यात माझा एक तास गेला, आणि शेवटी राखाडी साडीवर काळा कोट घातला. सानिकाला न्यावं की नाही यावर घरात दोन मतं होती. तिचं तिसरं निघालं. "एल्सी माझा आहे ना? मग मी नाही गेली तर तो रागावेल," असं तिच्या मोडक्या मराठीत म्हणून ती गाडीत जाऊन बसली. आत सगळं इतकं शांत आणि इतकं लवकर झालं की मी अजून सुरू व्हायची वाट बघत होते आणि शवपेटीपुढचा पडदा सरकलासुद्धा. बाहेर आलो तर पुढच्या फ्युनरलची माणसं दारात उभी होती. कोणी मोठ्याने रडलं नाही. मला रडायचं होतं, पण जागा दिसेना.

मग सगळे घरी आले, तुमच्या घरी. चहाला घरी या असं कीथने जाहीर केलं होतं, मला वाटलं होतं चारदोन जण येतील. सगळी गल्ली आली. तो खाटीकही आला. मी पाव कापतेय, गिरीश चहा ओततोय, कांद्याची बरणी उघडत नाही म्हणून ती हातोहात फिरतेय. लोक आधी दबून होते. मग सानिका बशा वाटायला बाहेर गेली, बापाला खिडकीशी नुसतं उभं बघितलं आणि भर खोलीत ओरडली, "डॅडी, यू आर स्टुड देअर लाइक चीझ अ‍ॅट फोरपेन्स!" मग अख्खी खोली हसत सुटली. कीथ इतका हसला की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले आणि तो बराच वेळ पुसत राहिला.

नंतर तो स्वयंपाकघरात आला, हातात बशी, बशीत तिसऱ्यांदा घेतलेलं हॅम. म्हणाला, "इट्स लव्हली, मेधा. गंमत काय आहे, ममला हॅम आवडायचं नाही. कधी खायची नाही ती."

माझ्या हातात सुरी होती. ती मी खाली ठेवली. मग हे सगळं कशासाठी? मी दोन दिवस नाकाला ओढणी बांधून कोणासाठी राबले? कीथचंच खरं होतं तर, तो नुसता एक बोल होता, आणि मी अडाण्यासारखी त्याच्यामागे धावले. मला तुमचा असा राग आला काकू, की तुम्ही समोर असतात तर मी बोलले असते.

तेवढ्यात मार्गारेट आत आली. तिने बशीतला काप उचलून दिव्याकडे धरला, जाडी बघितली. चावला. सावकाश चावला. मग विचारलं, "हॅम कोणी केलं?"

कीथने माझ्याकडे बोट दाखवलं.

"बरोबर," मार्गारेट म्हणाली. "या घराण्यात हॅम लेकीने करायचं असतं. एल्सीने तिच्या आईचं केलं, मी होते तेव्हा. तिच्या आईने तिच्या आईचं. सुनेला नाही करू देत, बहिणीला नाही. लेकच करते." आणि कीथकडे वळून, जसं काही तो अजून हाफ पँटमधला मुलगा आहे, "ती म्हणायची, माझ्या वेळी कोण करणार, मला तर नुसता कीथच. मग एक दिवस म्हणाली, झाली सोय."

कधी म्हणाली, असं मी विचारायला हवं होतं. मी फडताळाचं दार उघडलं आणि साखर शोधत असल्यासारखी आत तोंड करून उभी राहिले. साखर ओट्यावरच होती. मार्गारेटने ती उचलून माझ्यामागे लपवली.

आता हे तुम्ही मला सरळ का सांगितलं नाहीत? इतकी वर्षं शेजारी राहून, रोज माझ्या हातचा चहा पिऊन, एक वाक्य सांगता येत नव्हतं? की सांगितलं असतंत तर मी म्हटलं असतं, काकू, माझी आई आहे सोलापूरला, आणि काकू म्हणजे काय ते तुम्हाला परत एकदा समजावून दिलं असतं? हो, दिलं असतं. तेवढी हट्टी मी आहेच.

पण खरा घोळ याच्या पुढचा आहे. तुम्ही मला निवडलंत, की त्या दिवशी क्रिस्प्सवरून तुमचं डोकं फिरलेलं असताना मी नेमकी हाताशी होते? मार्गारेटच्या 'झाली सोय'मध्ये माझं नाव नव्हतं. तुम्ही मलाच म्हणत होतात, की सानिकाला, की दुकानात कोणी तयार हॅम करून देतो असं तुम्हाला कळलं होतं? मी उलटसुलट विचार केला. लॅबमध्ये असतं तर मी हा नमुना परत पाठवला असता, पुरावा अपुरा म्हणून. आणि विचारायचं कोणाला? तुम्ही असतात तरी खांदे हलवून हसला असतात आणि विषय बदलला असतात.

सानिकाला नऊ महिन्यांची असताना तुम्ही कुंपणावरून घेतलंत, ते मी मागितलं नव्हतं. त्याबद्दल मी तुमचे आभार मानायला हवे होते. दर ख्रिसमसला चॉकलेटचा डबा दिला आणि वाटलं की मानले. मला ताप असताना तुम्ही आणलेलं ते पांढरं बेचव सूप मी सिंकमध्ये ओतलं, आणि तुम्ही ते बघितलंत आणि दुसऱ्या दिवशी परत आणलंत. असं परक्यासाठी कोणी करतं का? की तुमच्याकडे सगळे सगळ्यांसाठी करतात? सात वर्षं या देशात राहूनही हे मला ठरवता येत नाही.

एक मात्र मी ठरवलं, आणि ते ठरवायला मला अर्थाची गरज पडली नाही. परवा सगळे गेल्यावर घरी येऊन मी डोक्यावरून आंघोळ केली, पण संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला नाही. कालही लावला नाही. गिरीशला वाटतंय हॅमला हात लावला म्हणून, आणि तो आज सकाळी म्हणालासुद्धा की आता पुरे, एवढं काही नसतं. ते कारण नव्हे. आमच्याकडे लग्न झालेल्या लेकीला आईचं तीन दिवस सूतक असतं. माणूस कधी गेलं याच्याशी त्याचा संबंध नसतो, ते बातमी कळल्यापासून धरतात. मला ती परवा दुपारी कळली, तुमच्या फडताळाच्या दारात.